दुरुस्ती : साळवे पेंटर

सकाळी सात वाजता आमच्या सोसायटीची पाण्याची मोटर जळली. मी ग्रुपवर लिहिलं, ‘आज पाणी नाय येणार.. मोटर जळली.. सॉरी’. एका हातात ब्रश, तोंडात पेस्टचा फेस आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं केलेलं हे टायपिंग. यावर बत्तीस घरांतून काय उत्तरं यायला हवीत? ‘अरे यार’, ‘कधी येणार’, ‘वाट लागली’. तीही आली. पण सगळ्यांत पहिलं उत्तर आलं ते तळमजल्यावरून.

‘दुरुस्ती. १) “नाय” नव्हे, “नाही”. २) “नाही येणार” नव्हे, “येणार नाही”. मराठीत नकार शेवटी येतो. ३) एक टिंब म्हणजे पूर्णविराम. तीन टिंबं म्हणजे वाक्य अर्धवट राहिलं. दोन टिंबं म्हणजे काय? – भा. रा. साळवे, पेंटर.’

मी तोंडातला फेस तसाच धरून त्या दोन टिंबांकडे बघत राहिले. खरंच, दोन टिंबं म्हणजे काय? आजवर हजारो वेळा दिली होती. का देत होते? वाक्य संपलंय की नाही हे माझं मलाच ठरवता येत नव्हतं का? पाण्याशिवाय दात कसे धुवायचे या प्रश्नावर हा दुसरा प्रश्न येऊन बसला आणि ऑफिसला जाईपर्यंत डोक्यातून गेला नाही.

तर हे आमचे साळवेकाका.

आमची मैत्री सोसायटी नाहूर स्टेशनपासून सात-आठ मिनिटांवर आहे. चार मजले, लिफ्ट नाही. तिच्या ग्रुपची मी अ‍ॅडमिन. कशी झाले ते विचारू नका. एका मीटिंगला मी गेले नव्हते आणि त्या मीटिंगमध्ये मी एकमतानं निवडून आले. दिवसभर मी एका कंपनीच्या ग्राहकसेवेत चॅटवर बसते. ‘आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ हे वाक्य मी इतक्या लोकांना पाठवते की घरी आल्यावर मला ‘ओके’मधला ‘ओ’सुद्धा जड होतो. घरच्या लोकांना मी नुसता ‘के’ पाठवते. आणि माझ्याच ग्रुपवर हा माणूस शुद्धलेखनाचा ब्रश घेऊन बसलेला.

ब्रश हा शब्द मी उगाच वापरत नाही. काकांनी आयुष्यभर पाट्या रंगवल्या. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या भिंती, टेम्पोच्या मागची नावं. मूळचे बीडकडचे, मिसरूड फुटायच्या वयात इथं आले आणि एका पेंटरच्या हाताखाली अक्षरं शिकले. फ्लेक्स आला आणि काम संपलं. पण नजर काही निवृत्त झाली नाही. कोपऱ्यावरच्या गिरणीच्या पाटीवर ‘दळण दळुन मिळेल’ असं होतं. काका रोज तिथं थांबायचे, मान हलवायचे, पुढं जायचे. एका सकाळी स्टूल, डबा आणि ब्रश घेऊन गेले आणि ‘ळु’चा पहिला उकार दुसरा करून आले. फुकट. गिरणीवाला आठवडाभर गोंधळलेला होता. मला म्हणाला, ‘पेंटरकाका पाटीवर काहीतरी करून गेले. काय केलं ते मला दिसतच नाय. गिऱ्हाइकांना पण दिसत नाय. विचारायला गेलो तर म्हणतात, आता बरं दिसतंय ना?’

त्यांची दोन वाक्यं सगळ्या बिल्डिंगला पाठ आहेत. एक, ‘पाटीवर गेलं की गेलं.’ आणि दुसरं, ‘ओघळ आला.’ रंग जास्त झाला की अक्षराखाली जो थेंब घरंगळतो, तो ओघळ. काकांच्या लेखी लिहिण्यातली प्रत्येक चूक म्हणजे ओघळ. कुणी ‘आणी’ लिहिलं, ओघळ. ‘शुभेच्छा’तला ‘च्छ’ चुकला, मोठा ओघळ. मोबाइलवर टाइप करतानाही ते श्वास रोखून धरतात आणि शब्द पूर्ण झाला की सोडतात. मी बघितलंय. लांबलचक निरोप लिहिला की त्यांना चक्क दम लागतो.

आणि गंमत अशी, की हाच माणूस बोलतो मात्र अस्सल बीडकडचं.

‘काय अ‍ॅडमिनबाई, पाणी आलं न्हाई का अजून?’ त्याच संध्याकाळी जिन्यात त्यांनी विचारलं.

मी संधी सोडली नाही. ‘काका, न्हाई? की नाही?’

‘बोलताना न्हाईच. लिहिताना नाही.’ त्यांना काहीच अडचण नव्हती. ‘बोललेलं कुणी जपून ठेवतं का? लिहिलेलं लोक येता-जाता वाचतात.’

‘पण आम्ही ग्रुपवर बोलतोच ना. गप्पाच त्या.’

काका जिन्यात थांबले. ‘ग्रुपवर तुम्ही बोलता का लिहिता?’

आम्ही म्हणतो ‘ग्रुपवर बोलले’, ‘ती काल ग्रुपवर काय बोलली बघ’. पण बोलतो बोटांनी. आवाज नसतो, चेहरा नसतो. मग ते बोलणं कसलं? आणि लिहिणं म्हणावं तर शाळा सुटल्यावर असं लिहायला कुणी सांगितलं? मी दोन पायऱ्या वर, काका दोन पायऱ्या खाली, आणि मधे हा प्रश्न. शेवटी मी ‘बघते हं’ म्हणून वर गेले. काय बघणार होते कोण जाणे.

काकांना हे वेड लागलं कसं, ते मला काकूंनी सांगितलं. विमलकाकू शांत बाई. नवऱ्याच्या दुरुस्त्या ऐकत भाजी निवडतात. म्हणाल्या, ‘नवीन नवीन धंदा होता. मुलुंडला एका डॉक्टरांची मोठी पाटी मिळाली. ह्यांनी प्रसूतिगृहातला “सू” पहिला काढला. डॉक्टर दारात आले, लोक जमलेले. आधी म्हणाले, चुकलंय. मग ह्यांना आडनाव विचारलं. ह्यांनी सांगितलं. तर म्हणाले, वाटलंच.’

‘मग?’

‘मग काय. पाटी पुसून परत लिहून दिली. घरी आले, जेवले न्हाईत. दुसऱ्या दिवशी दादरहून जुना शब्दकोश घेऊन आले. सातवी शिकलेला माणूस. पाठ केला तो. पान न् पान.’

हे ऐकल्यापासून काकांच्या दुरुस्त्यांवर चिडावं की नाही तेच मला कळेनासं झालं. चिडायला जावं तर तो ‘वाटलंच’ आठवायचा. आणि न चिडावं तर माझ्याच ‘हॅपी बड्डे’वर दुरुस्ती आलेली असायची.

हे सगळं तसं चाललं असतं, पण मधे छेडाभाई आले.

छेडाभाई तिसऱ्या मजल्यावर राहतात. सुक्या मेव्याचं दुकान आहे, माणूस दिलदार, दिवाळीला सगळ्या बिल्डिंगला पिस्ते वाटतात. जन्म मुलुंडचा, मराठी स्वतःच्या पद्धतीची. त्यांनी एका सकाळी ग्रुपवर विचारलं, ‘आज पाणी आला नाय काय?’

काकांनी ताबडतोब लिहिलं, ‘दुरुस्ती. पाणी “आला” नव्हे, पाणी “आलं”. नपुंसकलिंग. – भा. रा. साळवे, पेंटर.’

ग्रुप दहा मिनिटं गप्प झाला. मग माझ्या दाराची बेल वाजली. छेडाभाई लुंगीवर, हातात मोबाइल, चेहरा लाल.

‘सुजाताबेन, तुम्ही अ‍ॅडमिन आहे ना? हा मला सगळ्यांच्या सामने नपुंसक बोलला! माझे दोन मुलं आहे!’

‘अहो छेडाभाई, तुम्हाला नाही. पाण्याला.’

‘पाण्याला कोण असा बोलतो?’

मी त्यांना समजावून सांगितलं, की मराठीत तीन लिंगं असतात, खुर्ची ती, टेबल ते. सांगता सांगता मीच अडकले, कारण त्यांनी विचारलं की टेबल ते का, आणि ते मला माहीत नव्हतं. एवढ्यात काका वर आले. गैरसमज झालाय असं काकूंनी त्यांना सांगितलं असावं. ते खरोखर समजूत घालायलाच आले होते. हात जोडून म्हणाले, ‘छेडाभाई, राग मानू नका. तुमच्या गुजरातीतसुद्धा पाणी नपुंसकलिंगीच आहे.’

‘जुओ! आता गुजरातीला पण बोलला!’

त्या दिवशी संध्याकाळी सेक्रेटरींनी नवा ग्रुप काढला. नाव ‘मैत्री फुल टाइमपास’. त्यात बत्तीसपैकी एकतीस घरं. तळमजल्यावरचं एक नाही. आणि अ‍ॅडमिन, अर्थातच, मी. मला विचारलं नाही, आणि मीही नाही म्हटलं नाही. हे मला नंतर फार लागलं, पण त्या वेळी मी फक्त एक मोठा सुस्कारा सोडला आणि दोन टिंबं देऊन टाकली.

नव्या ग्रुपवर जत्रा भरली. ‘कुठाय सगळे’, ‘मी पन’, ‘लय भारी’, ‘भावा’. जुना ग्रुप चिडीचूप. एक दिवस, चार दिवस, दहा दिवस. मला वाटलं, काकांना कळलंच असेल. बाराव्या दिवशी ते माझ्या दारात उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की मला आधी वाटलं घरात काही शुभकार्य आहे.

‘अ‍ॅडमिनबाई, बारा दिवस झाले. ग्रुपवर एक ओघळ न्हाई.’

‘हो ना,’ मी म्हटलं.

‘मला वाटलं न्हवतं लोक इतकं मनावर घेतील. लिहायच्या आधी विचार करायला लागले बगा. चुकीचं लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं, असं वाटत असंल त्यांना.’

ते खाली गेले आणि पाच मिनिटांत जुन्या ग्रुपवर त्यांचा निरोप आला. ‘सर्व सभासदांचे मनःपूर्वक अभिनंदन. – भा. रा. साळवे, पेंटर.’ नव्या ग्रुपवर सन्नाटा पसरला. मग कुणाला तरी राहवलं नाही आणि जुन्या ग्रुपवर त्यानं लिहिलं, ‘धन्यवाद.’ ‘ध’ला ‘न्य’, शेवटी पूर्णविराम, सगळं बरोबर. मग दुसऱ्यानं. मग तिसऱ्यानं. अर्ध्या तासात एकतीस घरांतून एकतीस ‘धन्यवाद.’ आले. त्यात छेडाभाईंचाही होता. त्यांनी तो मला फोनवर तीनदा विचारून लिहिला होता.

त्याच आठवड्यात पाण्याची टाकी धुवायची होती. गुरुवारी दिवसभर पाणी बंद. निरोप मी नव्या ग्रुपवर टाकला आणि जुन्यावर टाकायचं विसरले. गुरुवारी नेमकी मला सुट्टी होती. दहाच्या सुमारास दार उघडलं तर काकू रिकामी बादली घेऊन जिन्यात उभ्या.

‘नळ कोरडा पडलाय गं. घरात प्यायलासुद्धा न्हाई. तुमच्याकडं आहे का थोडं?’

माझ्याकडे पिंप भरलेलं होतं. शेजारच्यांकडेही. सगळ्यांकडे. काकूंनी एकेका उघड्या दारातून आत बघितलं, भरलेली पिंपं, भरलेल्या बादल्या. मी बादली भरून स्वतः खाली नेऊन दिली. काका सोफ्यावर मोबाइल घेऊन बसले होते. जुना ग्रुप उघडा, शेवटचा निरोप ‘धन्यवाद.’

‘निरोप आला न्हाई,’ ते म्हणाले.

मी सगळं सांगून टाकलं. नवा ग्रुप, त्याचं नाव, मी अ‍ॅडमिन असल्याचं, सगळं. आता हा माणूस ओरडेल, सोसायटीला पत्र लिहील, असं मला वाटत होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. काका बराच वेळ मोबाइलची कड बोटानं घासत राहिले. मग म्हणाले, ‘तिथं लोक लई बोलतात का?’

‘हो काका.’

‘मला घ्या त्यात. मी काही लिहिणार न्हाई. फकस्त वाचीन. लोक कसं लिहितात ते मला शिकायचंय.’

‘शिकायचंय? तुम्हाला?’

‘तुम्ही शिकवाल का? रविवारी, अर्धा तास.’

मला वाटलं, हा टोमणा आहे. पण तो टोमणा नव्हता. मी त्यांना नव्या ग्रुपवर घेतलं. पुढच्या रविवारी सकाळी मी खाली गेले तेव्हा टेबलावर दोनशे पानी वही होती. मुखपृष्ठावर सुंदर वळणदार अक्षरात रंगवलेलं : ‘गटभाषा’. आत नव्या ग्रुपवरचे शब्द एकाखाली एक, आणि पुढं अर्थाची जागा रिकामी.

अशी शिकवणी मी आयुष्यात घेतली नाही. ‘“सीन काय आहे” म्हणजे कुठला देखावा?’ ‘देखावा नाही काका. म्हणजे, बेत काय आहे.’ ‘“लोल” म्हणजे?’ ‘हसतायत.’ ‘मोठ्यानं?’ ‘नाही, खरं तर अजिबात हसत नसतात.’ काकांनी लिहिलं : लोल – हसणे (न हसता). ‘चौथ्या मजल्यावरची ती पोरगी मैत्रिणीला “भाई” म्हणते. लिंग कोणतं धरायचं?’ मला माहीत नव्हतं. ‘हिनं शेवटी “टीसी” लिहिलंय. रेल्वेत लागली का?’ ‘नाही हो, काळजी घे असं.’ ‘मग काळजी घे का लिहीत न्हाई?’ तेही मला माहीत नव्हतं. ‘हम्म’वर आमचा अख्खा अर्धा तास गेला. त्याचे होकार, नकार, कंटाळा आणि ‘तू बोल, मी ऐकतेय’ असे चार अर्थ निघाले, आणि कोणता कधी घ्यायचा ते मला दिवसभर चॅटवर बसूनही सांगता आलं नाही. मी घरी यायची तेव्हा डोकं गरगरत असायचं. काका मात्र शांतपणे वही पुसून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवायचे.

हे सगळं कशासाठी, ते मी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, माणसांत परत यायची त्यांची ही धडपड असावी.

तिसऱ्या रविवारी काकू भाजी आणायला गेल्या होत्या. चहा झाला. काकांनी वही उघडली आणि पेन्सिल एका ओळीवर ठेवली.

‘“के” कळलं. के म्हणजे ठीक आहे.’

‘हो.’

‘आणि के पुढं पूर्णविराम असला तर?’

मी हसतच म्हटलं, ‘मग भांडण, काका! नुसतं के म्हणजे घाईत आहे. के आणि टिंब म्हणजे माणूस चिडलाय. विषय संपला, पुढं बोलायचं नाही तुमच्याशी.’

काकांनी काही लिहिलं नाही. ‘पूर्णविरामानं?’

‘हो ना. चॅटमध्ये पूर्णविराम कुणी देतच नाही. दिला तर मुद्दाम दिलेला असतो.’

‘हे कुठं लिहिलंय?’

‘कुठंच नाही. सगळ्यांना माहीत असतं.’

‘सगळ्यांना,’ ते म्हणाले. मग त्यांनी मोबाइल काढला, बराच वेळ बोटानं काहीतरी शोधलं आणि माझ्यासमोर धरला.

त्यांची मुलगी प्रज्ञा. ती लग्न करून गेली एवढंच मला माहीत होतं. वरती तिचा निरोप होता, चौदा महिन्यांपूर्वीचा.

‘पप्पा मी आणी निखील ने लग्न केल कोर्टात.. तो खारदांड्याचा आहे कोळी.. तुम्ही रागवु नका.. मम्मी ला सांगा.. मी खुप घाबरले होते म्हणुन सांगीतल नाही’

त्याखाली काकांचं उत्तर. ‘दुरुस्ती. १) आणि. २) निखिल. “ने” जोडून लिहावा. ३) केलं. ४) रागवू. ५) मम्मीला. ६) खूप. ७) म्हणून. ८) सांगितलं. ९) वाक्याच्या शेवटी पूर्णविराम द्यावा. – भा. रा. साळवे, पेंटर.’

आणि त्याखाली, इंग्रजी लिपीतलं एकच अक्षर. के. पुढं पूर्णविराम. त्यानंतर काहीच नाही.

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

‘मला वाटलं, ऐकलं तिनं,’ काका म्हणाले. ‘नववी दुरुस्ती बघ. पूर्णविराम द्यावा. आणि तिनं दिला. चिडली असती तर दिला असता का? मला वाटलं, पोरगी माझं मानते अजून. येईल आठ दिवसांत, ह्या विचारात बसलो. मग महिना झाला. मग पावसाळा गेला. हिनं विषय काढला की मी उठून बाहेर जायचो. काय सांगायचं हिला? के म्हणजे काय ते मलाच ठाऊक न्हवतं. शब्दकोशात बघितलं, न्हाई सापडलं. कुणाला विचारायची लाज वाटायची. एवढा दुरुस्त्या करणारा माणूस, ह्याला एक अक्षर कळंना म्हणतील.’

‘पण काका, अशा वेळी दुरुस्त्या का पाठवल्यात?’

‘दुसरं काय पाठवायचं?’ त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मला खरंच उत्तर माहीत असेल. ‘निरोप वाचला. अक्षरं दिसनात. एवढंच कळत होतं की ह्यात काहीतरी चुकलंय. मंग जे चुकलेलं दिसत होतं ते लिहिलं. जावयाचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते दुरुस्त करतच बघ. राग न्हवता गं पोरी. घाबरले होते म्हणती ती. मला घाबरली? तिला अक्षरं मी शिकवली, हाताला हात धरून.’

एरवी मला ‘अ‍ॅडमिनबाई’ आणि ‘तुम्ही’ म्हणणारा माणूस कधी ‘पोरी’ म्हणायला लागला, ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

‘आत्ता लिहा,’ मी म्हटलं. ‘आत्ताच्या आत्ता.’

त्यांनी चष्मा पुसला, श्वास रोखला आणि वहीत बघून लिहायला लागले. मी डोकावले. ‘हाय प्रज्ञा, सीन काय आहे?’

‘नको नको, काका, हे नको!’

‘तूच शिकवलंस ना?’

‘हो, पण हे तुम्ही नाही. तुमचं लिहा.’

‘माझं म्हणजे कोणतं?’

‘जसं बोलता तसं.’

त्यांनी वही मिटली. मग लिहायला लागले. मधेच फोननं ‘न्हाई’चं आपोआप ‘नाही’ केलं. काकांनी ते पुसलं. परत ‘न्हाई’ लिहिलं. फोननं परत दुरुस्त केलं. ‘हा कोण मला सांगणार?’ असं पुटपुटत त्यांनी तिसऱ्यांदा एकेक अक्षर दाबून ‘न्हाई’ लिहिलं, आणि या वेळी ते टिकलं. बऱ्याच वेळानं त्यांनी मोबाइल माझ्यापुढं केला.

‘प्रज्ञा माय, मी चिडलो न्हाई. मला त्या दिशी लिहायला आलं न्हाई. निखिलची भेट घालून दे’

‘पाठवू का?’ त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी बटण दाबलं आणि श्वास सोडला.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. वरती ‘टायपिंग’ दिसायला लागलं. गेलं. परत दिसलं. परत गेलं. ‘काय करायली ती?’ काकांनी हळूच विचारलं. लिहीत असेल, पुसत असेल. इतक्यात लॅच उघडून काकू आत आल्या, हातात भाजीची पिशवी, आणि त्याच क्षणी फोन वाजला. पडद्यावर प्रज्ञाचं नाव. काकांनी फोन असा लांब धरला जणू भाजतोय.

‘तू उचल,’ ते काकूंना म्हणाले.

काकूंनी नाव वाचलं. पिशवी खाली ठेवली. फोन उचलला आणि कानाला न लावता सरळ त्यांच्या कानाशी धरला.

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. काकांनी दोन-तीनदा घसा खाकरला. ‘हां माय,’ म्हणाले. मग म्हणाले, ‘जेवलीस का?’

सकाळचे साडेदहा वाजले होते.

‘हां. हां. मंग नाष्टा. नाष्टा केलास का?’

फोनमधून बारीक आवाज येत होता. ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. काकूंना विचारावं म्हणून बघितलं तर त्या फोन धरूनच दुसऱ्या हातानं पदर शोधत होत्या. मी चपला पायात सरकवल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.

पुढच्या रविवारी शिकवणी झाली नाही. मी दूध घेऊन येत होते तेव्हा दोघं फाटकाशी रिक्षा थांबवून उभे होते. काकांच्या अंगावर कडक शर्ट, चेहरा पार भांबावलेला. मला बघताच म्हणाले, ‘बरी भेटलीस. कोळ्यांच्या घरी जाताना काय न्यायचं गं? मासे तर त्यांच्याकडंच असतात. ही म्हणती पुरणपोळ्या ने. त्यांना गोड चालतं का?’

‘चालेल की, काका.’

‘आणि त्यांची बोली म्हणं वेगळीच असती. मला कळंल का?’

‘नाही कळलं तर विचारा.’

‘हां. विचारीन,’ ते म्हणाले आणि आत बसले. मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा, दोन्ही हातांनी धरलेला.

रिक्षावाल्यानं मीटर टाकून विचारलं, ‘कुठं जायचं काका?’

‘पोरीकडं,’ काका म्हणाले.

पत्ता मग काकूंनी सांगितला.